काळ्या क्रेपचा कारखानदार

रेशमी क्रेपची साडी ज्याने हाताळली असेल, त्याला एक गोष्ट ठाऊक असेल. या कापडाचा पृष्ठभाग गुळगुळीत नसतो. त्यावरून बोट फिरविले, की बारीक रव्यासारखा खडबडीतपणा लागतो. आणि गंमत अशी, की ते मुठीत चुरगाळून सोडून दिले तरी त्यावर ठळक चुणी उमटत नाही. ज्या वस्त्राच्या अंगावर मुळातच हजारो सूक्ष्म सुरकुत्या आहेत, त्यावर आणखी एक सुरकुती पडली तर ती दिसणार कशी? म्हैसूरची प्रसिद्ध रेशमी साडी याच जातीची.

या सुरकुत्या येतात कोठून? एखादा दोरा घेऊन त्याला पीळ देत जावे आणि मग त्याची दोन टोके जवळ आणावीत. तो दोरा तत्काळ स्वतःभोवतीच वेटोळी घालू लागतो. क्रेपसाठी घेतलेल्या रेशमाच्या धाग्याला असाच फार घट्ट पीळ दिलेला असतो. काही धाग्यांना उजवा, तर काहींना डावा. कच्च्या रेशमात निसर्गतःच डिंकासारखा एक पदार्थ असतो. तो आहे तोवर धागा ताठ राहतो व पीळ दबून असतो. विणलेले कापड साबणाच्या उकळत्या पाण्यात घातले, की हा डिंक विरघळतो. मग दबलेला पीळ उसळी घेतो, धागे आक्रसतात, आणि सपाट कापड रवाळ होऊन बसते. पिळाचा हा ओढा कापडात कायम राहत असल्यामुळे ते दाबले गेले तरी पुन्हा सावरते.

मऊ, सळसळत्या क्रेपची ही हकीगत झाली. त्याची एक काळी, कडक आणि उदासवाणी बहीण होती. तिचे घर इंग्लंडात. तेथे एकोणिसाव्या शतकात कोणाचा मृत्यू झाला, की घरातील स्त्रिया काळे कपडे घालीत आणि त्या कपड्यांवर काळ्या क्रेपचे पट्टे, झालरी आणि बुरखे लावीत. आपल्याकडे अनेक ठिकाणी शोकाचा रंग पांढरा. तिकडे तो काळा. परंतु नुसता काळा रंग पुरत नसे. शोकाच्या वस्त्राला चकाकी असू नये, असा तेथील दंडक होता. रेशीम तर स्वभावतःच चकाकते. त्यावर बारीक चुण्या पाडल्या, म्हणजे प्रकाश इतस्ततः विखुरतो आणि तेच रेशीम कोळशासारखे निस्तेज दिसते. हे निस्तेज कापड तयार करून सॅम्युअल कोर्टोल्ड हा मनुष्य इंग्लंडातील मोठमोठ्या कारखानदारांच्या पंक्तीस जाऊन बसला.

कोर्टोल्ड घराणे मूळचे फ्रान्सचे. सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सच्या राजाने प्रॉटेस्टंट पंथाच्या लोकांचा छळ आरंभिला, तेव्हा हजारो कुटुंबे देश सोडून परागंदा झाली. त्यांना ह्यूगनो म्हणत. त्यांच्यातील पुष्कळ लोक लंडनमध्ये येऊन स्थायिक झाले. त्यांच्या हाती कला होत्या, आणि त्या बळावर त्यांनी परक्या भूमीत पाय रोवले. कोर्टोल्ड घराण्यातील माणसे सोन्याचांदीची कामे करीत. सॅम्युअलची आजी लुइसा ही रेशीम विणणाऱ्या कुळातील होती. १७६५ मध्ये पती वारल्यावर तिने चांदीकामाचा धंदा स्वतः हिमतीने चालविला. तिच्या दुकानात घडलेली चांदीची भांडी आजही संग्रहालयांत पाहावयास मिळतात. तिचा मुलगा जॉर्ज मात्र सोनाराच्या भट्टीपाशी रमला नाही. त्याने लंडनच्या स्पिटलफील्ड्स या विणकरांच्या वस्तीत रेशमाला पीळ देण्याचे काम शिकून घेतले. घराण्याचा सोन्याशी असलेला संबंध तेथे तुटला व रेशमाशी जडला.

हा जॉर्ज म्हणजेच सॅम्युअलचा बाप. तो मोठा कल्पक, पण अस्थिर वृत्तीचा होता. समतेच्या आणि स्वातंत्र्याच्या कल्पनांनी त्याला वेड लाविले होते. त्या ओढीने तो अमेरिकेस गेला, तेथे त्याने विवाह केला, आणि तेथेच १७९३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनी या गावी सॅम्युअलचा जन्म झाला. पुढल्याच वर्षी हे कुटुंब इंग्लंडला परतले. एसेक्स परगण्यातील पेबमार्श या खेड्यात आणि नंतर १८०९ मध्ये ब्रेन्ट्री या गावी जॉर्जने रेशमाच्या गिरण्या उभारण्यात भाग घेतला. दुसऱ्याच्या भांडवलावर चाललेला हा व्यवहार होता. भागीदाराशी बेबनाव झाला, प्रकरण न्यायालयात गेले, आणि अखेर जॉर्ज इंग्लंडला विटला. तो पुन्हा अमेरिकेस गेला. समविचारी माणसांची एक आदर्श वसाहत स्थापावी, असे त्याचे स्वप्न होते. ते स्वप्न साकार झाले नाही. १८२३ मध्ये तिकडेच त्याचा अंत झाला.

बापाच्या अशा ओढाताणीत वाढलेला थोरला मुलगा निराळ्याच घडणीचा निघाला. सॅम्युअल लहानपणापासून गिरणीत वावरला होता. हिशेब, यंत्रे आणि माणसे यांची पारख त्याला होती. स्वप्ने पाहण्यास त्याला उसंत नव्हती. धाकट्या भावंडांचा भार त्याच्यावर येणार, हे त्याला स्पष्ट दिसत होते. १८१६ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याने ब्रेन्ट्रीच्या शेजारच्या बॉकिंग गावात रेशमाला पीळ देण्याची एक लहानशी गिरणी सुरू केली. पुढे धान्य दळण्याची एक पाणचक्की घेऊन तिचे त्याने रेशमाच्या गिरणीत रूपांतर केले. १८२५ मध्ये हॉलस्टेड गावची, कोल्न नदीवरील गिरणीही त्याच्या ताब्यात आली. धाकटा भाऊ जॉर्ज आणि मेहुणा टेलर हे त्याचे भागीदार झाले.

रेशमाचा एकही किडा नसलेल्या एसेक्समध्ये हा धंदा का यावा? रेशीम तर बंगाल, चीन आणि इटली येथून गलबतांनी येत असे. याचे उत्तर तेथील दारिद्र्यात होते. शतकानुशतके त्या परगण्यात लोकरीचे कापड होत असे. तो धंदा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बुडाला. घरोघरी चरख्यांवर लोकर कातणाऱ्या बायका रिकाम्या बसल्या. पुरुष शेतमजुरी करीत, पण तिच्यावर पोट भरत नसे. अशा ठिकाणी मुली आणि बायका अगदी थोड्या मजुरीवर कामास मिळत. शिवाय लंडनची बाजारपेठ जवळ, आणि गिरणी फिरविण्यास नदीचे पाणी. सॅम्युअलच्या बापाच्या काळी तर लंडनच्या अनाथ व गरीब मुलांच्या आश्रमांतून मुले आणून त्यांना वर्षानुवर्षांच्या कराराने कामास जुंपीत. स्वातंत्र्याची स्वप्ने पाहणाऱ्या जॉर्जलाही त्यात काही विसंगत वाटले नाही.

१८२६ मध्ये इंग्लंडच्या सरकारने परदेशी रेशमी कापडावरील बंदी उठविली. फ्रान्सचे तलम, रंगीबेरंगी रेशीम बाजारात आले आणि इंग्रज विणकरांचे धाबे दणाणले. पुष्कळांची दिवाळी वाजली. सॅम्युअलने येथे चतुराई दाखविली. नक्षीदार रेशमात फ्रेंचांशी टक्कर देणे कठीण, हे ओळखून त्याने ज्यात नक्षी नाही, रंग नाही, आणि वर्षानुवर्षे ज्याची तऱ्हा बदलत नाही, असे कापड निवडले. ते म्हणजे काळे क्रेप. फॅशन बदलते, मृत्यू कोणाला चुकत नाही.

या कापडाची घडण मोठी विलक्षण होती. घट्ट पीळ दिलेल्या कच्च्या रेशमाचे आधी जाळीसारखे विरळ कापड विणीत. ते अजून सपाट असे. मग नक्षी कोरलेल्या तप्त रुळावरून ते जात असताना त्याच्यावर खोल चुण्या उमटत. नंतर काळा रंग आणि मग खळ. साध्या क्रेपमध्ये सुरकुती आपोआप फुलते. या क्रेपमध्ये ती ठोकून बसविलेली असे. चुण्या पाडण्याची ही नेमकी कृती कोर्टोल्डच्या गिरणीत अतिशय गुप्त ठेवली जाई. त्या कोठीत वाटेल त्याला प्रवेश नसे. विणण्याचे काम कोणीही शिकू शकत होता. धंद्याचे खरे मर्म या रुळात होते.

एवढे करूनही हे कापड मोठे नाजूकच. पावसाचे थेंब पडले, की चुण्या सपाट होत आणि डाग उठत. काळा रंग अंगास लागे. कडक बुरखा चेहऱ्यास खुपे. इंग्लंडसारख्या पावसाळी देशात असे वस्त्र वापरावयाचे, म्हणजे ते वारंवार नवे घेणे आले. कारखानदाराची त्याबद्दल तक्रार नव्हती.

सॅम्युअलने प्रथम वाफेचे एंजिन आणले आणि मग यंत्रमाग. १८३५ च्या सुमारास एकट्या हॉलस्टेडच्या गिरणीत शंभराहून अधिक यंत्रमाग खडखडत होते. १८५० पर्यंत त्याच्या गिरण्यांत दोन हजारांहून अधिक माणसे कामास होती. माणसे म्हणण्यापेक्षा मुली आणि स्त्रिया म्हणणे अधिक खरे. १८६० च्या सुमारास हॉलस्टेडच्या गिरणीत हजारावर कामगार होते. त्यांपैकी नऊशेच्या आसपास स्त्रिया होत्या. यंत्रमाग चालविणाऱ्या स्त्रीला आठवड्यास ५ ते ८ शिलिंग मिळत. रेशीम गुंडाळणाऱ्या लहान मुलींना २ ते ४ शिलिंग. यंत्रांची दुरुस्ती करणाऱ्या पुरुषाला १७ ते २५ शिलिंग मिळत, आणि गिरणीच्या व्यवस्थापकाला वर्षास १००० पौंड. एका पौंडाचे २० शिलिंग होत. हिशेब करून पाहिला, तर व्यवस्थापकाचे एका वर्षाचे वेतन मिळविण्यास मागावरच्या एखाद्या मुलीला किती वर्षे राबावे लागले असते, हे कळून येईल.

१८३३ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने कारखान्यांविषयी एक कायदा केला. कापडाच्या गिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांना कामास लावू नये, असे त्यात ठरले. पण रेशमाच्या गिरण्यांना या कलमातून सूट मिळाली. रेशमाचा बारीक धागा जोडण्यास लहान मुलांची चिमुकली बोटेच हवीत, असे गिरणीवाल्यांचे म्हणणे होते. सरकारने धंद्यात हात घालू नये, त्याने धंद्याचे नुकसान होते, असे सॅम्युअलचेही ठाम मत होते. मालक चांगला असला म्हणजे कायदा कशाला हवा, असा त्याचा एकंदर विचार दिसतो. आपण चांगले मालक आहोत, याविषयी त्याला तिळमात्र शंका नव्हती.

आणि तो वाईट मालक होता, असे म्हणणेही न्याय्य होणार नाही. त्या कुटुंबाने कामगारांसाठी शाळा काढल्या, घरे बांधली, वाचनालये उघडली. १८४७ मध्ये मेरी मेरीवेदर नावाच्या एका कर्तबगार स्त्रीला हॉलस्टेडला बोलावून घेण्यात आले. गिरणीतील मुलींना ती रात्री लिहावाचावयास शिकवी. कामावर येणाऱ्या आयांच्या तान्ह्या मुलांसाठी तिने पाळणाघरही काढले. या अनुभवांवर तिने पुढे एक पुस्तक लिहिले. त्याच्या आदल्या वर्षी, १८४६ मध्ये, कामगारांनीच मालकांचा मोठा सत्कार घडवून आणला. तिन्ही गिरण्यांतील सोळाशेंवर माणसे मिरवणुकीने आली, मेजवानी झाली, आणि त्यांनी मालकांना रुप्याचे पदक अर्पण केले.

याच काळात सॅम्युअल एका निराळ्या लढ्यात गुंतला होता. त्या वेळी इंग्लंडात प्रत्येक गावातील चर्चच्या डागडुजीसाठी सर्व रहिवाशांवर कर बसे. जे त्या चर्चचे अनुयायी नसत, त्यांनाही तो द्यावा लागे. कोर्टोल्ड कुटुंब युनिटेरियन पंथाचे होते. दुसऱ्याच्या देवळासाठी आपण सक्तीने पैसे का द्यावेत, असा त्यांचा सवाल होता. ब्रेन्ट्रीच्या गावसभेत बहुमताने कर नामंजूर झाला, तरी चर्चच्या अधिकाऱ्यांनी तो बसविण्याचा हट्ट धरिला. १८३७ पासून हे प्रकरण एका न्यायालयातून दुसऱ्या न्यायालयात फिरत राहिले. सॅम्युअल या विरोधाचा पुढारी होता. त्याने वेळ वेचला, पैसा ओतला, आणि चिकाटी सोडली नाही. अखेर १८५३ मध्ये देशातील सर्वोच्च न्यायपीठाने गावसभेच्या बहुमताविरुद्ध बसविलेला कर बेकायदा ठरविला. पंधरा वर्षांनंतर, १८६८ मध्ये, ही सक्ती साऱ्या इंग्लंडातून उठली. बहुमताला डावलून कोणी हुकूम चालवू नये, या तत्त्वासाठी ब्रेन्ट्रीचे लोक सोळा वर्षे झगडले होते.

गिरणीच्या फाटकाच्या आत मात्र हे तत्त्व लागू नव्हते. १८६० मध्ये हॉलस्टेडच्या विणकर स्त्रियांनी मजुरीच्या प्रश्नावरून संप केला. माग थांबले. ज्यांच्यासाठी शाळा काढल्या, घरे बांधली, त्यांनीच असे उठावे, याचा सॅम्युअलला संताप आला. पुढाकार घेणाऱ्या वीस ते पन्नास जणींची नावे काढून त्यांना कायमचे कामावरून काढावे, अशी त्याने व्यवस्थापकाला ताकीद दिली. हॉलस्टेडमध्ये त्या गिरणीवाचून दुसरे काम ते कोणते? थोड्याच दिवसांत संप मोडला आणि बायका मागांवर परतल्या. पदक अर्पण करणाऱ्या मेजवानीला तेव्हा चौदा वर्षे झाली होती. त्या मिरवणुकीत चाललेल्यांपैकी काही जणी या संपातही असतील.

पुढल्या वर्षाच्या अखेरीस, १४ डिसेंबर १८६१ रोजी, व्हिक्टोरिया राणीचा पती प्रिन्स आल्बर्ट याचा मृत्यू झाला. राणीने काळी वस्त्रे धारण केली, ती १९०१ मध्ये स्वतःच्या मृत्यूपर्यंत उतरविली नाहीत. राणीने जे केले, ते सरदारांच्या स्त्रियांनी केले. त्यांचे पाहून व्यापाऱ्यांच्या व कारकुनांच्या बायकांनीही केले. नवरा वारला तर किती महिने क्रेप घालावे, बाप वारला तर किती, काका वारला तर किती, याचे बारीक नियम ठरून गेले होते. विधवेने पहिले वर्षभर तर जवळजवळ नखशिखान्त क्रेपमध्ये राहावे, असा संकेत होता. ते घेण्यासाठी गरीब घरांतून कर्जही काढले जाई. शोक संपल्यावर उरलेले क्रेप घरात ठेवणे अशुभ, अशी एक समजूतही लोकांत होती. म्हणजे पुन्हा प्रसंग आला, की पुन्हा नवी खरेदी. राणीच्या शोकाने कोर्टोल्डचा धंदा जन्मास आला, असे कोठे कोठे म्हणतात. ते खरे नाही. त्याच्या आधी तीस वर्षे तो भरभराटीस येत होता. राणीने त्या प्रथेला अधिक वजन दिले, इतकेच.

सॅम्युअलने १८५४ मध्येच गॉसफील्ड हॉल हा जुना, प्रशस्त वाडा विकत घेतला होता. फ्रान्समधून नेसत्या वस्त्रांनिशी आलेल्या कुळातील मनुष्य आता जमीनदार झाला होता. तरीही गिरणीच्या कारभारावरचे त्याचे लक्ष उतारवयातही पुरते सुटले नाही. १८८१ मध्ये, सत्त्याऐंशी वर्षांचा होऊन, तो त्याच वाड्यात मरण पावला.

त्याच्या पश्चात दहा-पंधरा वर्षांत शोकाची ती कडक प्रथा ढिली पडू लागली आणि काळ्या क्रेपची मागणी ओसरली. गिरण्या बंद पडतात की काय, अशी वेळ आली. तेव्हा १९०४ मध्ये कंपनीने एका नव्या धाग्याचे इंग्लंडपुरते हक्क विकत घेतले. लाकडाच्या लगद्यापासून रासायनिक रीतीने काढलेला हा धागा रेशमासारखा चकाकत असे. त्याचे नाव व्हिस्कोज. त्यालाच पुढे लोक रेयॉन म्हणू लागले. १९०५ मध्ये कॉव्हेन्ट्री येथे त्याचा कारखाना सुरू झाला. ज्या घराण्याने रेशमाची चकाकी घालवून पैसा मिळविला, तेच आता स्वस्त चकाकी विकू लागले आणि जगातील मोठ्या वस्त्रोद्योगांपैकी एक बनले. सॅम्युअलच्याच नावाच्या त्याच्या भावाच्या नातवाने त्या संपत्तीतून जमविलेली अमोल चित्रे देऊन १९३२ मध्ये लंडनला कलेच्या अभ्यासाची एक संस्था स्थापण्यास हातभार लाविला. ती आज कोर्टोल्ड याच नावाने ओळखली जाते.

हॉलस्टेडची गिरणी विसाव्या शतकातही चालू होती. १९८२ मध्ये कंपनी तेथून गेली आणि शेवटचा माग थांबला. लाकडी फळ्यांची ती उंच, पांढरी इमारत, खिडक्यांच्या लांबच लांब ओळींसह, कोल्न नदीवर अजून उभी आहे. मागावरचा काळा धागा तुटला, तर तो दिसावा, म्हणून त्या खिडक्यांतून येणारा उजेड फार मोलाचा होता.